टीआयएफआर बघायला : मानखुर्द ते उटी

मंगळवार, मानखुर्द

टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर कुलाब्याची समुद्राकाठची ती लांबलचक बिल्डिंगच येते. पण या संस्थेचं काम मुंबईपासून पार उटीच्या डोंगरापर्यंत पसरलंय, आणि त्यात विभाग कुठला, केंद्र कुठलं, फील्ड स्टेशन कुठलं, कोण कुणाच्या हाताखाली, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते, मला पण नीट माहीत नव्हतं. माझी भाची सई एमएस्सीला आहे, डिसेंबरात तिने पीएचडीसाठी त्यांची प्रवेश परीक्षा दिली आणि तेव्हापासून तिचा एकच धोशा, "मावशी, ही सगळी सेंटर्स म्हणजे एकच संस्था का वेगवेगळ्या? मुलाखतीला कुठं बोलावतील ते तरी कळायला नको का गं?" मग जानेवारीत मी हक्काची रजा टाकली, सगळीकडे आधी ईमेल करून परवानग्या काढल्या (हे फार महत्त्वाचं, असंच उठून गेलात तर गेटवरनंच परत यावं लागेल) आणि निघालो.

चेंबूरला नातेवाईकांकडे उतरलो होतो म्हणून सुरुवात मुख्य इमारतीपासून न करता जवळच्या मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रापासून केली. आणि बरंच झालं, कारण इथे आल्यावर पहिलाच प्रश्न पडतो की भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेने शाळेतल्या विज्ञान शिक्षणात का पडावं? तर त्याचं मूळ १९७४ मध्ये आहे. टीआयएफआरमधल्याच प्रा. भालचंद्र उदगावकर, डॉ. वि. गो. कुलकर्णी अशा मंडळींना वाटत होतं की शाळेत विज्ञान नीट पोचत नसेल तर पुढे संशोधक येणार कुठून, म्हणून नाना चौकातल्या म्युनिसिपल शाळेच्या जागेत काम सुरू झालं. नंतर जळगाव जिल्ह्यात खिरोद्याला खेड्यातल्या शाळांसोबत प्रकल्प झाला. मानखुर्दची स्वतःची जागा १९९० नंतरची.

आता इथं ऑलिम्पियाडचं राष्ट्रीय केंद्र आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, खगोल, गणित, सगळ्यांच्या भारतीय टीम इथून तयार होतात. मला सगळ्यात आवडली ती प्रयोगशाळा. ऑलिम्पियाड कॅम्पला प्रत्येक मुलाला तंतोतंत सारखाच संच द्यावा लागतो, एकाची स्प्रिंग सैल आणि दुसऱ्याची ताठ असं चालत नाही, म्हणून एकाच प्रयोगाचे डझनावारी संच एकाच मापाने बनवून, तपासून, नंबर टाकून खोक्यांत रचून ठेवलेले. आमच्या कॉलेजात चार मुलांत एक मीटर ब्रिज, त्यामुळे मी तिथं जरा जास्तच वेळ उभी राहिले. आणि इथं पीएचडी पण होते बरं का, विषय विज्ञान शिक्षण. मूल गणितात नेमकं कुठं अडकतं, आकृती बघून त्याच्या डोक्यात काय तयार होतं, यावर लोक अनेक वर्षं संशोधन करतायत. सईला हे अजिबातच माहीत नव्हतं.

बुधवार, कुलाबा

सीएसएमटीहून नेव्ही नगरची बेस्ट पकडली. शेवटचा पट्टा नौदलाचा, तिथं ओळखपत्र तपासतात, मग संस्थेचं गेट, तिथं पुन्हा. आत शिरल्यावर मात्र गर्दीची मुंबई संपते, मोठ्ठं लॉन, झाडं, आणि पलीकडे थेट अरबी समुद्र.

इतिहास थोडक्यात सांगते कारण त्याशिवाय रचना कळत नाही. मार्च १९४४ मध्ये होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं, जून १९४५ मध्ये संस्था सुरू झाली ती बेंगळुरूला, भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात. त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईत पेडर रोडच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. मग १९४९ मध्ये गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत, आणि १९६२ मध्ये इथं, नेहरूंच्या हस्ते उद्घाटन होऊन. पन्नाशीच्या दशकात केंद्र सरकार, तेव्हाचं मुंबई राज्य आणि टाटा ट्रस्ट यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. आज पैसा मुख्यतः केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडून येतो, पण व्यवस्थापन परिषदेत राज्य सरकार आणि ट्रस्टचे पण प्रतिनिधी असतात. २००२ पासून संस्था अभिमत विद्यापीठ आहे त्यामुळे पीएचडी पदवी स्वतःच देते, त्याआधी मुंबई विद्यापीठाची मिळायची.

कुलाब्याच्या आत तीन स्कूल आहेत. गणिताचं एक, तंत्रज्ञान आणि कॉम्प्युटर सायन्सचं एक, आणि तिसरं सगळ्यात मोठं नॅचरल सायन्सेसचं. त्या तिसऱ्याच्या पोटात विभाग येतात : सैद्धांतिक भौतिकी, उच्च ऊर्जा भौतिकी, न्यूक्लिअर आणि अॅटॉमिक, घन पदार्थांचं, खगोल, केमिस्ट्री आणि बायोलॉजी. हे सगळं एकाच छताखाली असल्यामुळे कॉरिडॉर संपता संपत नाहीत.

आम्हाला पेलेट्रॉन बघायला मिळाला, बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) आणि टीआयएफआरचा मिळून असलेला, कणांना वेग देणारा १४ मिलियन व्होल्टचा अॅक्सिलरेटर, १९८८ च्या शेवटी सुरू झालेला. शिकवताना आपण व्हॅन डी ग्राफचं चित्र काढतो ना फळ्यावर, रबरी पट्टा आणि वर गोळा, तेच तत्त्व, पण इथं पट्ट्याऐवजी धातूच्या नळकांड्या नायलॉनच्या कड्यांनी जोडलेली साखळी वर चार्ज वाहून नेते, आणि हे सगळं उभ्या टाकीत, ठिणगी उडू नये म्हणून सल्फर हेक्झाफ्लोराइड गॅस भरलेला. ऋण आयन वरून आत सोडतात, ते मधल्या धन टर्मिनलकडे खेचले जातात, तिथं कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन निघून जातात, ते धन होतात आणि तोच टर्मिनल आता त्यांना खाली ढकलतो, म्हणजे एकाच व्होल्टेजचा दोनदा उपयोग. खाली एक सुपरकंडक्टिंग लिनॅक, म्हणजे सरळ रेषेतला दुसरा अॅक्सिलरेटर, जोडलाय जो आणखी ऊर्जा देतो. त्याला द्रव हेलियम लागतं, ४.२ केल्व्हिनचं, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सियसच्या आसपासचं.

आणि इथंच मला या संस्थेच्या रचनेतली पहिली गोष्ट समजली. हेलियम लागतं पेलेट्रॉनला, लागतं घन पदार्थवाल्यांना, आणखी कुणाकुणाला. मग प्रत्येकाने आपापलं मशीन घ्यायचं का? नाही. लो टेम्परेचर फॅसिलिटी ही सगळ्यांची मिळून एक, तिथं हेलियम द्रव होतं, डब्यांतून लॅबमध्ये जातं, आणि वापरून उडालेला गॅस पाइपांतून परत गोळा होतो, कारण हेलियम आपल्याकडे बाहेरून येतं आणि महाग आहे. तसंच वर्कशॉप. लेथ, मिलिंग, वेल्डिंग, काचकाम. एका कारागीर काकांनी आम्हाला काचेची नळी ज्योतीवर फिरवत फिरवत दुसऱ्या नळीला जोडून दाखवली, दोन्ही हात एकाच वेगाने फिरत होते, डोळा जोडावरून हलला नाही. सईने विचारलं किती वर्षं लागतात शिकायला, तर म्हणाले, "हात बसायलाच काही वर्षं जातात, मग पुढचं." विभाग प्रोफेसरांच्या नावाने ओळखले जातात, पण ही सामाईक माणसं नसतील तर एकही प्रयोग उभा राहणार नाही असं माझं ठाम मत झालं.

दुपारी वेस्ट कॅन्टीनमध्ये जेवलो. समोर समुद्र. मग हुसेनचं भलंमोठं भित्तिचित्र बघितलं, भाभांनी इमारतीच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी ठेवला होता म्हणून गायतोंडे, रझा, आरा असे सगळे या भिंतींवर आहेत. चारला बुधवारचं कलोक्वियम. यात गंमत अशी की गणितवाला, बायोलॉजीवाला, सगळे एकाच व्याख्यानाला बसतात, त्यामुळे बोलणाऱ्याला आपल्या विषयाबाहेरच्या माणसाला कळेल असं बोलावं लागतं. त्या दिवशीचं निम्मं मला कळलं, सईला जास्त.

परत येताना बसमध्ये सईला सांगितलं ते इथं लिहिते. घर वाढलं की एखादा मुलगा वेगळी चूल मांडतो, आडनाव तेच राहतं पण स्वयंपाकात काय करायचं ते तो ठरवतो, तसं इथं केंद्राचं आहे. केंद्राला स्वतःचा संचालक, स्वतःचे प्राध्यापक, स्वतःचे विद्यार्थी. फील्ड स्टेशन म्हणजे वेगळी चूल नाही, ते कुठल्यातरी विभागाचं किंवा केंद्राचं लांबचं कामाचं ठिकाण. राष्ट्रीय केंद्रं तीन, मानखुर्दचं, पुण्याचं आणि बेंगळुरूचं. शिवाय बेंगळुरूला आणखी दोन आणि हैदराबादला एक नवा कॅम्पस.

गुरुवार, पुणे

सकाळच्या गाडीने पुणे. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, एनसीआरए, गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात आहे. शेजारीच आयुका, आणि लोक हमखास दोन्हीत घोटाळा करतात. आयुका हे खगोलशास्त्राचं आंतरविद्यापीठ केंद्र, यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं), विद्यापीठांसाठी, त्याचे संस्थापक जयंत नारळीकर, जे त्याआधी कुलाब्याला टीआयएफआरमध्येच होते. एनसीआरए टीआयएफआरची. मधे नुसती भिंत पण मालक वेगळे. दोघांची ये-जा मात्र सतत असते.

एनसीआरएची गोष्ट म्हणजे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची गोष्ट. १९६१ मध्ये परदेशात असलेल्या चार तरुण भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी भाभांना लिहिलं की आम्हाला परत येऊन काम करायचंय, आणि भाभांनी होकार कळवायला वेळ लावला नाही. स्वरूप १९६३ मध्ये आले. पहिली दुर्बीण कुठं उभी केली माहितीये? कल्याणला! ऑस्ट्रेलियाने दिलेल्या ३२ छोट्या डिश, प्रत्येकी जेमतेम सहा फुटांची, १९६५ मध्ये सूर्याकडे लावल्या. कल्याणच्या कितीजणांना हे ठाऊक असेल. मग उटी, मग नारायणगावजवळ खोडदची सध्याची मोठी दुर्बीण.

पुण्याच्या इमारतीत बाहेरून बघण्यासारखं फार नाही, ऑफिसं, लायब्ररी, इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅब, पीएचडीची मुलं. दुर्बिणीचं डोकं इथं आणि अंग खोडदला असं म्हणायचा मोह होतो पण ते बरोबर नाही, कारण खोडदला पण इंजिनियर्सची मोठी फौज कायम असते आणि रिसीव्हर, फीड यांचं बरंच काम तिथंच चालतं.

शुक्रवार, खोडद

बाहेरच्या लोकांना शुक्रवारी सोडतात म्हणून सगळा कार्यक्रम शुक्रवारभोवती बेतला होता. पुणे-नाशिक हायवेने राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव. नारायणगावला मिसळ खाल्ली, मग पूर्वेला आत वळलो. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा, टोमॅटो, ऊस, आणि मग अचानक उसाच्या वर एक पांढरी वाटी दिसते, मग दुसरी, मग तिसरी.

जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी. ३० डिश, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ मधल्या साधारण एक चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात, बाकीच्या १६ वाय आकाराच्या तीन हातांवर, आणि टोकापासून टोकापर्यंत अंतर २५ किलोमीटरपर्यंत. म्हणजे काही डिश दुसऱ्याच गावांच्या शिवारात उभ्यात. शेताच्या मधोमध.

जवळ गेल्यावर सई थबकली. "मावशी, यातून आभाळ दिसतंय!" डिश पत्र्याची नाहीच, स्टीलच्या बारीक तारांची जाळी आहे, अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास जाडीची तार आणि तिचे एक ते दोन सेंटिमीटरचे चौकोन. लहरी जवळपास वीस सेंटिमीटर ते दोन मीटर लांबीच्या, त्यांना ती भोकं दिसतच नाहीत, जाळी त्यांच्यासाठी आरशासारखीच. वारा मात्र आरपार जातो. मग सांगाडा हलका चालतो, हलका सांगाडा म्हणजे कमी पोलाद, कमी पोलाद म्हणजे कमी खर्च. जाळीला बाक द्यायला पण जड तुळया नाहीत, स्टीलच्या दोरखंडांनी ताणून आकार दिलाय. स्वरूप आणि त्यांच्या टीमची ही कल्पना, आणि मला वाटतं भारतात केलेल्या इंजिनियरिंगमधल्या सगळ्यात सुंदर कल्पनांपैकी ही एक. वारा फार वाढला तर डिश सरळ आभाळाकडे तोंड करून ठेवतात, तसं ठेवलं की वाऱ्याला धरायला कमी मिळतं.

आतल्या दादांनी सगळं मराठीत समजावलं, अगदी निवांत. प्रत्येक डिशचा सिग्नल ऑप्टिकल फायबरने मधल्या इमारतीत येतो, तिथं प्रत्येक डिशची प्रत्येक दुसऱ्या डिशशी जोडी लावून तुलना होते. "किती जोड्या होतील सांग," त्यांनी सईला विचारलं, ती लगेच म्हणाली ४३५. पृथ्वी फिरते तशा या जोड्यांच्या दिशा बदलत जातात आणि तासनतास मोजल्यावर २५ किलोमीटरच्या एका अवाढव्य डिशइतकं बारीक चित्र मिळतं. मधे सगळ्या रिसीव्हर्सची यंत्रणा बदलून ती अपग्रेड झालीये. २०२३ मध्ये जगभरच्या पल्सार (ठरावीक लयीत रेडिओ लहरी पाठवणारे तारे) टिपणाऱ्या गटांनी अतिसंथ गुरुत्वीय लहरींचे पुरावे मांडले त्यात इथल्या मोजमापांचा वाटा होता.

इथं मोबाईल बंद ठेवायला लावतात आणि त्याला कारण आहे. आभाळातून येणारा सिग्नल इतका क्षीण की आपला फोन म्हणजे त्याच्या कानाशी कर्णा. म्हणूनच ही जागा निवडली गेली, तेव्हा इथं शहरी गोंगाट नव्हता, डोंगरांचा आडोसा होता, वारा माफक होता. आता हायवे आलाय, टॉवर आलेत, उद्योग आजूबाजूला येऊ बघतात. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगावकडून जाणारा मार्ग जीएमआरटीमुळे बदलायचं रेल्वेने ठरवलं, त्यावरून या भागात नाराजी आहे, मिसळीच्या हॉटेलातसुद्धा आमच्या कानावर तेच बोलणं पडलं. मला दोन्ही बाजू कळतात. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला रेल्वे हवी, त्याचा टोमॅटो नासतो. पण रेल्वेचे मार्ग दोन-तीन निघू शकतात, पसरलेल्या तीस डिश उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत आणि नेल्या तरी अशी शांत जागा आता मिळणार कुठं. मार्ग बदलावा पण नारायणगावच्या लोकांना मालवाहतुकीची दुसरी चांगली सोय करून द्यावी, ती जबाबदारी सरकारची आहे, दुर्बिणीची नाही.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला इथं जत्रेसारखी गर्दी असते, आसपासच्या शाळांची मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात. ज्यांना शक्य आहे त्यांनी तेव्हा जा.

शनिवार, रविवार

पुण्यात आराम, कपडे धुणं. रविवारी रात्रीची गाडी पकडून हैदराबाद.

सोमवार, हैदराबाद

इथं दोन ठिकाणं, आणि इथंच रचना पुन्हा डोक्यात पक्की झाली. गोपनपल्लीला टीआयएफआर हैदराबाद, नवा मोठा कॅम्पस, २०१० मध्ये पायाभरणी झाली, भरपूर जागा, नव्या लॅब, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी असे कप्पे न पाडता काम करायचा विचार. आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला ईसीआयएल या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या बाजूला बलून फॅसिलिटी. एकाच शहरात, एकाच आडनावाची, पण बलूनवाले जोडलेले कुलाब्याच्या खगोलवाल्यांशी. रिक्षावाल्याला हे समजावताना मजा आली.

बलून फॅसिलिटी १९६९ पासून आहे. वैश्विक किरण, क्ष-किरण, इन्फ्रारेड, यातलं बरंचसं वातावरण खाली येऊच देत नाही. रॉकेट महाग. म्हणून प्लास्टिकच्या पातळ फिल्मचे फुगे, आपल्या किराणा दुकानातल्या पिशवीहून पातळ, लांब लांब पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून उष्णतेने सांधत सांधत इथंच बनवतात. त्यासाठीचं टेबल बघितलं, नजर पोचेपर्यंत लांब, आणि त्यावर फिल्म पसरताना हातात अंगठी पण चालत नाही कारण एक ओरखडा आणि सगळा फुगा वाया. हायड्रोजन भरतात. जमिनीवर फुगा लोंबता, वरच्या टोकाला थोडासाच फुगलेला, वर दाब कमी होत जातो तसा पसरत पसरत पूर्ण गोल होतो.

नारळीकरांच्या पुढाकाराने इस्रोने केलेला एक प्रयोग इथूनच उडाला होता, एप्रिल २००५ मध्ये. फुगा २ कोटी ६७ लाख घनफुटांचा, सोबत ४५९ किलोचं उपकरण, आणि २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा करून आणली. त्यात जिवाणू सापडले, २००९ मध्ये तीन नव्या प्रजाती जाहीर झाल्या, त्यातल्या एकीला आर्यभटाचं नाव, एकीला इस्रोचं आणि एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचं. वर्गात सांगितलं की मुलं कान टवकारतात अशी ही गोष्ट.

हैदराबादच का? वरचे वारे ज्या काळात सोयीचे असतात तेव्हा फुगा भरकटला तरी उपकरण पॅराशूटने जमिनीवरच उतरतं, समुद्रात जात नाही. ते तेलंगणात उतरेल नाहीतर कर्नाटकात नाहीतर आपल्या महाराष्ट्रात, म्हणून उड्डाणांच्या आधी पेपरात सूचना येते की असं काही शेतात पडलं तर हात लावू नका, त्यावरच्या पत्त्यावर कळवा.

मंगळवार, बेंगळुरू

धावपळीचा दिवस. सकाळी एनसीबीएस, म्हणजे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, कृषी विद्यापीठाच्या जीकेव्हीके आवारात. भाभांनी १९६२ मध्ये ओबेद सिद्दिकी यांना मुंबईत मॉलिक्युलर बायोलॉजीचा गट काढायला बोलावलं, आणि त्याच गटातून पुढे नव्वदीच्या सुरुवातीला हे राष्ट्रीय केंद्र बेंगळुरूला उभं राहिलं. फिजिक्सच्या संस्थेला बायोलॉजी कशाला असं तेव्हा कुणीतरी म्हणालंच असणार. फळमाश्यांच्या बाटल्यांची एक खोली बघितली, कापसाचे बोळे लावलेल्या शेकडो बाटल्या, प्रत्येकीवर जनुकांची चिठ्ठी.

दुपारी उत्तरेकडे हेसरघट्टा भागात आयसीटीएस, म्हणजे सैद्धांतिक विज्ञानाचं आंतरराष्ट्रीय केंद्र. २००७ मध्ये स्थापना, २०१५ मध्ये कॅम्पस. इथं यंत्र नाहीच. फळे, खडू, लेक्चर हॉल, गेस्ट हाऊस. जगभरचे सिद्धांतवाले काही आठवडे येतात, एका विषयावर चर्चा करतात, जातात. सई इथं रमली. ही पण प्रयोगशाळाच असं ती म्हणत होती, फक्त हेलियमऐवजी चहा लागतो. उपयोजित गणिताचं केंद्र येलहंकाला आहे, तिथं जायला वेळ उरला नाही.

बुधवार

पूर्ण दिवस बस. म्हैसूर, मग बंदीपूरचं जंगल, जिथं रात्री नऊ ते सकाळी सहा रस्ता बंद असतो म्हणून लवकर निघायला लागतं. हरणं दिसली. घाट चढून संध्याकाळी उटी, आणि कडाक्याची थंडी.

गुरुवार, उटी

ज्यासाठी एवढा प्रवास केला तो दिवस. सकाळी मुथोराई, इथं उटीची रेडिओ दुर्बीण आहे. रस्त्याने बटाट्या-गाजरांची टप्प्याटप्प्यांची शेतं, मग वळणावर टेकडीच्या उतारावर ती लांबच लांब चौकट. ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, उभी चिरलेल्या नळीसारखी वाकलेली, आणि वाकलेल्या भागात हजारभर बारीक स्टीलच्या तारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेल्या. ऊन पडलं की तारा चमकतात, नाहीतर नुसतं पोलादी कमानींचं रांगोळीचं काम.

आता यातली खुबी ऐका, कारण मी सगळ्यांना हीच सांगत सुटलेय. उटीचा अक्षांश साधारण ११ अंश. स्वरूप आणि त्यांच्या साथीदारांनी अशी टेकडी शोधून काढली की जिचा उतार उत्तर-दक्षिण आहे आणि तो पण साधारण ११ अंशांचाच. त्यावर दुर्बीण बसवली की तिचा लांबीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर होतो. मग आभाळातला तारा पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतो तशी दुर्बीण फक्त त्या एका आसाभोवती हळूहळू वळवायची, सलग साडेनऊ तास तारा नजरेत राहतो. दोन-दोन मोटारींचं गणित नको. १९७० मध्ये हे बांधून झालं तेव्हा देशात कॉम्प्युटर मोजकेच होते, आणि भूगोलाकडूनच काम करून घेतलं! उत्तर-दक्षिण दिशेला बघण्यासाठी दुर्बीण हलवत नाहीत, मधल्या रेषेवर १०५६ डायपोल, म्हणजे छोटे अँटेना, आहेत त्यांच्या सिग्नलांमधला फेज बदलतात. सुरुवातीचं मुख्य काम म्हणजे चंद्र एखाद्या रेडिओ स्रोतासमोरून जातो तो क्षण अचूक पकडायचा, त्यावरून स्रोताची जागा आणि आकार काढायचा.

सईने तिथल्या इंजिनियर सरांना विचारलं की तुम्ही पगारपत्रकाला पुण्याचे का मुंबईचे. "पुण्याचे, एनसीआरएचे," ते म्हणाले, आणि पलीकडे हात करून, "ग्रेप्सवाले मुंबईचे."

दुपारी तिकडे गेलो. ग्रेप्स-३ राजभवनाच्या बाजूला, वैश्विक किरणांच्या प्रयोगशाळेत. मुंबईच्या उच्च ऊर्जा भौतिकी विभागाचं काम, जपानी विद्यापीठांसोबत. उटीतच, पण रेडिओवाल्यांशी संबंध फक्त शेजाऱ्यासारखा, कारण यांना उतार नको, यांना उंची हवी. समुद्रसपाटीपासून २२०० मीटर. अवकाशातून एक कण येऊन वातावरणावर आदळला की खाली लाखो कणांचा वर्षाव होतो, तो मोजायला एक-एक चौरस मीटरचे ४०० सिंटिलेटर (कण गेला की चमकणारे पत्रे) एकमेकांपासून आठ-आठ मीटरवर षटकोनी मांडणीत, पांढऱ्या छपराखाली. आणि अर्धवट अंधाऱ्या चार मोठ्या दालनांत म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखाच पण जड कण) टिपणारा टेलिस्कोप, एकूण ५६० चौरस मीटर. सहा मीटर लांबीचे लोखंडी चौकोनी पाइप, दहा सेंटिमीटर बाय दहा, प्रत्येकात गॅस आणि मधोमध एक तार, असे ३७१२ पाइप. वर दोन मीटरहून जाड काँक्रीट. आम्ही आत वाकून गेलो, पाइपांच्या थरांवर थर, एक थर आडवा, एक उभा, म्हणजे कण कुठून कुठं गेला ते कळतं. काँक्रीट फोडून येतात ते फक्त म्युऑन.

याच पाइपांनी १ डिसेंबर २०१४ ला एका वादळी ढगाचं व्होल्टेज मोजलं. ढगातल्या विजेच्या क्षेत्रामुळे खाली येणाऱ्या म्युऑनांची संख्या घटली, त्या घटीवरून काढलं, १.३ अब्ज व्होल्ट. २०१९ मध्ये हे छापून आलं. वैश्विक किरणांसाठी मांडलेल्या पाइपांतून ढगाचं व्होल्टेज कळलं, म्युऑन मोजत बसले होते म्हणून ते सापडलं.

संध्याकाळी हॉटेलवर सईने वहीत नकाशा काढला. प्रत्येक ठिकाणाच्या पुढे दोन रकाने, कुणाचं आणि इथंच का. पहिल्या रकान्यात कुलाबा, पुणे, स्वतःचं असं. दुसऱ्यात उतार, उंची, वारे, शांतता, शाळा. आयसीटीएससमोर तिने "विमानतळ जवळ" लिहिलं आणि मला वाटतं तेही चूक नाही. मुलाखतीचं बोलावणं आलं तर खोडदवाल्यांकडे पहिली पसंती द्यायची असं तिचं ठरलंय, मी म्हटलं पेलेट्रॉनचा पण विचार कर, त्यावर अजून वाद चालू आहे.

आता हानले राहिलंय. लडाखमध्ये, ४३०० मीटरवर, गॅमा किरणांसाठीच्या सात दुर्बिणी, बेंगळुरूच्या खगोलभौतिकी संस्थेबरोबर मिळून उभारलेल्या. तिकडे उन्हाळ्यातच जाता येईल आणि इनर लाइन परमिटचं काय ते बघावं लागेल. कुणी अलीकडे जाऊन आलं असेल तर लेहहून गाडी कशी केली तेवढं कळवा.